आणखी एक वर्ष

अमुक मनुष्याला आणखी थोडा वेळ द्यावा कीं नाहीं, हा प्रश्न जगांत रोज हजारों ठिकाणीं विचारला जातो आणि बहुधा बंद दाराआड सोडविला जातो. नवा वैद्य, नवा मुनीम, नवी सून, नवा मुख्याध्यापक, या सर्वांच्या कपाळीं हा प्रश्न लिहिलेलाच असतो. परंतु त्याचें उत्तर कोण, कोणत्या हिशेबानें आणि कोणत्या घटकेस देतो, याची बाहेर फारशी वाच्यता होत नाहीं. अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलचा प्रशिक्षक मात्र याला अपवाद आहे. त्याच्या मुदतीची चर्चा सबंध राज्य करतें, त्याच्या जयापजयाचा ताळेबंद दर रविवारीं वर्तमानपत्रांत छापून येतो, आणि शेवटीं त्याला निरोप दिला म्हणजे त्यासाठीं किती रक्कम मोजावी लागली हेंही सर्वांस कळतें. या खेळाशीं आमच्या बहुतेक वाचकांचा संबंध नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु एखाद्या रोगाचा अभ्यास करावयाचा तर तो जेथें उघड्यावर दिसतो तेथें करणें सोयीचें. आणि मनुष्याच्या अधीरतेचा व धीराचा इतका उघडा दवाखाना आम्हांस तरी दुसरा ठाऊक नाहीं.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्याकडे फुटबॉल म्हटला म्हणजे कलकत्त्याचें किंवा कोल्हापुरचें मैदान डोळ्यांपुढें येतें. अमेरिकेंतील फुटबॉल तो नव्हे. तेथील चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो मुख्यतः हातांत घेऊन पळावयाचा किंवा हातानें फेकावयाचा असतो. एका बाजूस अकरा खेळाडू, दुसऱ्या बाजूस अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकतां आलें तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाहीं तर तो प्रतिपक्षाच्या हातीं जातो. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, आणि पुढच्या प्रयत्नाची आंखणी आधींच ठरलेली असते. त्यामुळें या खेळांत बुद्धिबळाचा अंश पुष्कळ आहे, आणि मोहरीं हालविणारा हात मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा असतो. क्रिकेटमध्यें कप्तानाच्या माथीं जें येतें, तें येथें प्रशिक्षकाच्या माथीं येतें. शिवाय खेळाडूंची निवडही तोच करतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरीं जाऊन, त्यांच्या आईबापांसमोर बसून, ‘तुमचा मुलगा आमच्या स्वाधीन करा’ असें त्यांस पटवून देणें हें त्याच्या कामाचें अर्धें अंग होय. इतकें करून वर्षाचा नेहमींचा हंगाम अवघ्या बारा सामन्यांचा! बारा शनिवारांत वर्षाची परीक्षा आटोपते.

या खेळाचें तेथें केवढें प्रस्थ आहे हें नेब्रास्का राज्याच्या उदाहरणावरून कळेल. हा मक्याचा व गुरांचा मुलूख. राज्यांत व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाहीं. लिंकन शहरांतील विद्यापीठाच्या मैदानावर १९६२ पासून प्रत्येक सामन्याचीं सगळीं तिकिटें खपत आलीं आहेत, आणि अशा सामन्यांची संख्या चारशेंवर गेली आहे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सरकारी नोकरांपैकीं सर्वांत मोठें वेतन राज्यपालास मिळत नाहीं, तर सरकारी विद्यापीठाच्या कोणा तरी प्रशिक्षकास मिळतें. विद्यादानासाठीं स्थापलेल्या संस्थेनें असें करावें काय, हा प्रश्न योग्य आहे. पण तो वेगळा आहे. तूर्त एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ज्याला इतकें मिळतें त्याच्याविषयीं दयेनें बोलणें लोकांस जड जातें. धीर धरा असें म्हणणाराला, ‘पन्नास लाख डॉलर घेणाऱ्याला धीर कशाचा?’ असें उत्तर ताबडतोब मिळतें.

या वादांत एक नांव हटकून निघतें. तें फ्रँक बीमर यांचें. व्हर्जिनिया राज्यांतील ब्लॅक्सबर्ग येथें व्हर्जिनिया टेक हें विद्यापीठ आहे. बीमर हे तेथलेच विद्यार्थी व तेथलेच जुने खेळाडू. १९८७ सालीं ते प्रशिक्षक म्हणून आले तेव्हां मागील राजवटींतील गैरव्यवहारामुळें संघावर शिक्षा बसली होती. शिष्यवृत्ति देऊन किती खेळाडू घ्यावयाचे यावर बंधन आलें होतें. पहिल्या वर्षीं दोन सामने जिंकले, नऊ हरले. दुसऱ्या वर्षीं तीन जिंकले, आठ हरले. मधलीं तीन वर्षें जेमतेम गेलीं. सहाव्या वर्षीं, म्हणजे १९९२ सालीं, अकरा सामन्यांत दोन जय, आठ पराभव आणि एक बरोबरी, असा पुन्हां तळ गांठला. सहा वर्षांची एकूण बेरीज चोवीस जय, चाळीस पराभव व दोन बरोबऱ्या. कोणत्याही सामान्य हिशेबानें हा मनुष्य घरीं जावयास हवा होता. परंतु क्रीडाविभागाचे प्रमुख डेव्ह ब्रेन यांनीं त्यांस ठेवून घेतलें; मात्र त्यांच्या साहाय्यकांपैकीं कांहीं बदलण्यांत आले. पुढच्याच वर्षीं संघानें बारांपैकीं नऊ सामने जिंकले. १९९३ पासून २०१५ पर्यंत सलग तेवीस वर्षें हा संघ हंगामाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यांत खेळला. १९९९ च्या हंगामांत एकही सामना न हरतां तो राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीपर्यंत पोहोंचला, आणि तेथें फ्लॉरिडा स्टेटकडून हरला. बीमर यांनीं २०१५ सालीं आपण होऊन निवृत्ति घेतली. आज मैदानापाशीं त्यांचा पुतळा उभा आहे.

ही गोष्ट ऐकून कोणाचेंही मन द्रवेल, आणि तेंच तिच्यांतील भय आहे. अमेरिकेंत कोणत्याही विद्यापीठाचा प्रशिक्षक हरूं लागला कीं त्याचे कैवारी बीमर यांचें नांव पुढें करतात. जणूं सहा वर्षें हरणें हीच पुढील तेवीस वर्षांच्या यशाची पायरी! ज्यांना आणखी एक वर्ष मिळालें आणि त्या वर्षींही जे हरलेच, त्यांचे पुतळे कोणी उभारले नाहींत. म्हणून ते आपल्या हिशेबांत येत नाहींत. नापास होऊन पुढें मोठा झालेल्या एका मनुष्याचें चरित्र आपण मुलांस वाचावयास देतों. नापास होऊन नापासच राहिलेल्या हजारांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. तेव्हां बीमर यांच्या उदाहरणानें एवढेंच सिद्ध होतें कीं, धीर धरल्यानें कधीं कधीं फळ मिळतें. केव्हां मिळतें, हा प्रश्न तसाच उरतो.

त्या प्रश्नासाठीं पुन्हां नेब्रास्काकडे वळलें पाहिजे. तेथें टॉम ऑस्बर्न यांनीं १९७३ ते १९९७ अशीं पंचवीस वर्षें प्रशिक्षकाचें काम केलें. त्यांच्या एकाही हंगामांत नऊंहून कमी जय नाहींत. तरी पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळावयास १९९४ साल उजाडावें लागलें. त्यांच्यामागून आलेले फ्रँक सॉलिच यांनीं सहा वर्षांत अठ्ठावन्न सामने जिंकले व एकोणीस हरले. २००३ सालीं नऊ जय आणि तीन पराभव अशा हंगामानंतर त्यांस काढण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं पस्तीस वर्षांत प्रथमच हा संघ निमंत्रितांच्या सामन्यांस मुकला. २००८ पासून बो पेलिनी आले. सात वर्षांत प्रत्येक वर्षीं निदान नऊ सामने जिंकले. २०१४ सालीं तेही गेले. ‘नऊ म्हणजे कांहींच नव्हे’ असें ज्या घरीं दोनदां ठरलें, त्या घरीं पुढें नऊ जय दुर्मिळ झाले. असल्या दांडग्या नशिबाला आपल्याकडे ‘भरल्या ताटावरून उठणें’ म्हणतात.

अशा वेळीं, २०१७ च्या अखेरीस, घरचा मुलगा परत आला. स्कॉट फ्रॉस्ट हे नेब्रास्काचेच. १९९७ च्या अजिंक्य संघाचे ते नायक होते, आणि नुकतेंच फ्लॉरिडांतील एका विद्यापीठाच्या संघाला त्यांनीं सबंध हंगामांत एकही सामना हरूं दिला नव्हता. राज्यांत दिवाळी झाली. पण पहिल्या वर्षीं चार जिंकले, आठ हरले. दुसऱ्या वर्षीं पांच जिंकले, सात हरले. तिसऱ्या वर्षीं, साथीमुळें आखूड झालेल्या हंगामांत, तीन जिंकले, पांच हरले. आणि चौथ्या वर्षीं, २०२१ सालीं, तीन जिंकले व नऊ हरले. मात्र या नऊ पराभवांत एकही मोठा नव्हता. प्रत्येक नऊ किंवा त्याहून कमी गुणांनीं झालेला. वर्षाची बेरीज केली तर संघानें दिलेले गुण हे घेतलेल्या गुणांहून कमीच भरले. बुडालेल्या वर्षांत असा ताळेबंद सहसा पाहावयास मिळत नाहीं.

क्रीडाविभागाचे प्रमुख ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनीं नोव्हेंबर २०२१ मध्यें जाहीर केलें कीं, फ्रॉस्ट यांस आणखी एक वर्ष मिळेल. वेतन पन्नास लाख डॉलरांवरून चाळीस लाखांवर आलें. चार साहाय्यकांस निरोप मिळाला. आणि करारांत असें ठरलें कीं, त्यांस काढून टाकल्यास द्यावयाची दीड कोटि डॉलरांची भरपाई १ ऑक्टोबर २०२२ पासून पाऊण कोटीवर येईल. पुढचा हंगाम उघडला. पहिला सामना डब्लिन येथें. अकरा गुणांची आघाडी असतां फ्रॉस्ट यांनीं एक धाडसी डाव टाकला, तो फसला, आणि सामना ३१–२८ असा गेला. दुसरा जिंकला. तिसरा, घरच्या मैदानावर, जॉर्जिया सदर्न या लहान विद्यापीठाशीं. तो ४५–४२ असा गेला. दुसऱ्या दिवशीं, ११ सप्टेंबर २०२२ रोजीं, फ्रॉस्ट यांस काढण्यांत आलें. वीस दिवस थांबते तर पाऊण कोटि डॉलर वाचते. तेवढेही दिवस थांबवले नाहींत. उरलेल्या नऊ सामन्यांत हंगामी प्रशिक्षकाच्या हाताखालीं संघानें तीन जिंकले व सहा हरले.

त्या सुमारास आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक लिंकनमध्यें लेकीकडे राहावयास गेले होते. परत आल्यावर त्यांनीं सांगितलेली हकीकत येथें द्यावीशी वाटते. रविवारीं दुपारीं ही बातमी आली तेव्हां जावई आनंदानें म्हणाले, “सुटलों एकदांचे! बाबा, चार वर्षें हा मनुष्य आम्हांला शनिवारची रात्र जेवूं देत नव्हता.” यावर गुरुजी म्हणाले, “जावईबापू, आमच्या शाळेंत तपासणीला साहेब येत ते शालांत परीक्षेचा निकाल पाहून शेरा लिहीत. जूनमध्यें वर्ग कसा हातीं आला होता, हें त्यांनीं कधीं विचारलें नाहीं. त्याचा आम्हांला राग येई.” जावयांना वाटलें, गुरुजी फ्रॉस्ट यांची बाजू घेताहेत. पण गुरुजी पुढें म्हणाले, “मात्र चार वर्षें पोरें एकाच गणिताला अडत राहिलीं, तर दोष जूनचा नव्हे हो, तो आमचाच.” लेक स्वयंपाकघरांतून म्हणाली, “बाबा, म्हणजे तुम्ही कोणाच्या बाजूचे?” गुरुजींनीं उत्तर दिलें नाहीं. आमच्या मतें त्यांच्या दोन वाक्यांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू येऊन गेल्या आहेत.

कारण बीमर व फ्रॉस्ट यांचीं उदाहरणें शेजारी शेजारी ठेवलीं तर तीं जुळ्या भावांसारखीं दिसतात. दोघेही घरचे, दोघांचाही हिशेब उणा, दोघांनाही वरिष्ठांनीं लोकमताविरुद्ध ठेवून घेतलें, दोघांचेही साहाय्यक बदलले. औषध एकच, मात्राही जवळ जवळ एकच. एक रोगी उठून बसला, दुसरा दगावला. आतां ब्रेन यांस शहाणे व अल्बर्ट्स यांस अडाणी ठरवावें, असें मनांत येतें. परंतु फळावरून निर्णयाची किंमत ठरविणें हें जुगाऱ्याचें तर्कशास्त्र होय. ज्यानें कौल टाकला त्याला त्या वेळीं काय दिसत होतें, हें पाहिलें पाहिजे.

दिसत काय होतें? येथें थोडें गणित उपयोगी पडतें. थोड्या गुणांनीं लागणारे सामने बरेचसे दैवाधीन असतात. चेंडू कसा उसळला, वारा कोणीकडून आला, यावर ते फिरतात. म्हणून ज्याचे पराभव थोडक्या फरकानें झाले, त्याचें पुढचें वर्ष बहुधा बरें जातें; प्रशिक्षक बदला अथवा न बदला. फ्रान्सिस गाल्टन यांनीं १८८६ सालीं आईबापांच्या व मुलांच्या उंचीसंबंधानें जो नियम दाखविला, कीं अति उंचांचीं मुलें सरासरीकडे झुकतात व अति ठेंगण्यांचींही झुकतात, तोच येथें लागू आहे. तळाला गेलेला संघ वर येतोच, आणि तो वर आला कीं नव्या प्रशिक्षकाचे पोवाडे सुरू होतात. २०१३ सालीं ॲडलर, बेरी व डोहर्टी या तिघा अभ्यासकांनीं १९९७ ते २०१० या काळांतील महाविद्यालयीन संघांचा हिशेब करून एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या अगदीं दुबळ्या संघांनीं प्रशिक्षक बदलला, त्यांची पुढील स्थिति न बदलणाऱ्या तशाच संघांहून फारशी निराळी झाली नाहीं; आणि मध्यम संघांनीं बदलला, त्यांची तर पुढें अधिकच पीछेहाट झाली, असें त्यांस आढळलें. अधीर मंडळींनीं हा निबंध वाचावा.

परंतु गणित दुतोंडी असतें. फ्रॉस्ट यांचे एका झेपेच्या आंतले, म्हणजे आठ किंवा कमी गुणांनीं लागलेले, एकूण सत्तावीस सामने झाले. त्यांपैकीं पांच जिंकले व बावीस हरले. नाणें सत्तावीस वेळां उडवून छापा पांचदां किंवा त्याहून कमी वेळां पडावयाचा, हा योग सुमारें तेराशें वीस खेपांत एकदां येतो. येथें निव्वळ दैवाला दोष देणें कठीण होतें. कोठें तरी, शेवटच्या दहा मिनिटांत, तीच चूक पुन्हां पुन्हां होत असली पाहिजे. गुरुजींचें तेंच गणित!

शिवाय ‘बदलानें कांहीं होत नाहीं’ हेंही सरसकट खरें नव्हे. इंडियाना विद्यापीठाचा संघ पिढ्यान्‌पिढ्या हरण्यासाठींच प्रसिद्ध. २०२३ सालीं तो तीन सामने जिंकला व नऊ हरला, प्रशिक्षक बदलला, नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनीं आपल्या जुन्या विद्यापीठांतून ओळखीचे खेळाडू बरोबर आणले, आणि २०२४ सालीं पहिल्याच हंगामांत अकरा सामने जिंकून दाखविले. बीमर यांच्या कैवाऱ्यांना हें उत्तर आतां दर वेळीं ऐकावें लागतें. सहा वर्षें कशाला? एक वर्ष पुरतें!

हें एका वर्षांत घडूं शकलें, याचें कारण खेळाबाहेर आहे. पूर्वीं एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत जाणाऱ्या खेळाडूस बहुधा एक वर्ष बाहेर बसावें लागे. २०२१ पासून पहिल्या खेपेस तें बंधन उठलें. त्याच वर्षीं जुलैपासून खेळाडूंस आपल्या नांवावर जाहिरातींचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठेंच त्यांस उघड वेतन देऊं लागलीं. पूर्वींचा प्रशिक्षक आंब्याची कोय लावणाऱ्यासारखा होता. आतांचा मंडईंत जाऊन पिकलेले आंबे आणूं शकतो. ज्याला मंडई खुली आहे त्यानें ‘झाड वाढूं द्या’ असें सांगितलें तर लोक ऐकत नाहींत, यांत लोकांचा सगळाच दोष नाहीं. तथापि मंडईंतला आंबा एका हंगामाचा असतो. पुढच्या वर्षीं पुन्हां पिशवी घेऊन जावें लागतें, आणि तेव्हां भाव कोणाच्या हातांत असेल हें सांगतां येत नाहीं.

येथपर्यंत आम्हीं प्रशिक्षकाचा व विद्यापीठाचा विचार केला. परंतु ज्यांचा विचार या वादांत सर्वांत कमी होतो ते निराळेच आहेत. ‘आणखी एक वर्ष द्या’ असें म्हणणारा हें विसरतो कीं, तें वर्ष देणाराचें नसतें. विद्यापीठाला शंभर वर्षें पुरून उरतात. अठरा वर्षांच्या मुलाजवळ खेळावयास चारच वर्षें असतात. फ्रॉस्ट यांच्या पहिल्या वर्षीं जो मुलगा आला, त्याचीं चारही वर्षें हरण्यांत गेलीं. उलट ‘काढून टाका’ असें म्हणणाराही हें विसरतो कीं, ज्या मनुष्याच्या शब्दावर आईबापांनीं मुलगा पाठविला तोच गेल्यावर त्या मुलाला नव्या धन्यापुढें पुन्हां उभें राहावें लागतें. आणि प्रशिक्षकाबरोबर त्याचे दहा-दहा साहाय्यक, ज्यांच्या वाट्याला भरपाईचे कोटि येत नाहींत, बिऱ्हाडें उचलून दुसऱ्या गांवीं जातात. म्हणून वेळ देणें हें औदार्य नव्हे आणि न देणें हा कणखरपणा नव्हे. दोन्हींत दुसऱ्याच्या पदरचेंच खर्च होत असतें.

मग कसोटी कोणती? आमच्या मतें तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, दुःख वारशानें आलें कीं स्वतः ओढवून घेतलें. बीमर यांस शिक्षा झालेला संघ मिळाला. शिष्यवृत्त्यांच्या उणीवेचा परिणाम चार-पांच वर्षें पुरतो. त्यांचीं सहा वर्षें वस्तुतः तीनच धरावयास हवीं. दुसरी, चुका नव्या आहेत कीं त्याच. नव्या चुका शिकणाऱ्याच्या असतात; त्याच त्या चुका न शिकणाऱ्याच्या. तिसरी, मनुष्य स्वतः बदलावयास तयार आहे कीं केवळ आपले साहाय्यक बदलावयास. बीमर यांच्याविषयीं १९९२ सालीं पहिल्या कसोटीचें उत्तर स्वच्छ होतें. फ्रॉस्ट यांच्याविषयीं २०२१ सालीं दुसरीचें उत्तर वाईट होतें. परंतु इतक्या निकरानें झुंजणारा संघ पाहतां, आणि त्याच विद्यापीठानें अधीरपणें दोनदां स्वतःचें केलेलें नुकसान पाहतां, अल्बर्ट्स यांनीं दिलेलें वर्ष अगदींच अविचाराचें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं.

आमचा आक्षेप आहे तो दिलेलें वर्ष तीन सामन्यांत परत घेण्यावर. ज्या करारांत ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस मनुष्याची किंमत निम्मी होते, तो करार वेळ देत नाहीं, सुरीला धार लावतो. ज्याच्या मानेवर ती सुरी आहे तो सावध खेळणार नाहीं. तो डब्लिनमधल्यासारखा आघाडीवर असतांना जुगार खेळेल. हरणाऱ्या मनुष्यास निरोप देणें न्याय्य असूं शकतें. त्याला वर्ष देणेंही न्याय्य असूं शकतें. पण वर्ष देतों असें सांगून आठवडे मोजीत बसणें, यांत निरोपाचा स्पष्टपणा नाहीं आणि धीराचें फळही नाहीं. ब्रेन यांनीं बीमर यांस वर्ष दिलें तें खरोखर दिलें; हा फरक लहान नव्हे. नेब्रास्कालाही पुढें हें उमगलेलें दिसतें. फ्रॉस्ट यांच्यामागून आलेले मॅट रूल यांनीं २०२३ सालीं पांच जिंकले व सात हरले; त्यांच्या बाबतींत घाई झाली नाहीं; २०२४ सालीं सात जय व सहा पराभव झाले, आणि निमंत्रितांच्या सामन्यांत आठ वर्षांनीं पुन्हां जाऊन संघानें तो जिंकला.

सर्वत्र मात्र वारें उलटेंच वाहत आहे. २०२३ सालीं टेक्सासमधील एका विद्यापीठानें जिम्बो फिशर यांस सुमारें साडेसात कोटि डॉलर देण्याचें पतकरून निरोप दिला. जेम्स फ्रँक्लिन यांचा पेन स्टेटचा संघ जानेवारी २०२५ मध्यें राष्ट्रीय उपान्त्य सामना खेळला. त्याच वर्षीं सप्टेंबर-ऑक्टोबरांत सलग तीन पराभव झाले, आणि एकशें चार जय मिळविणारा तो मनुष्य एका रविवारीं बेकार झाला. आणि खुद्द ब्लॅक्सबर्गमध्यें, जेथें एका प्रशिक्षकासाठीं सहा वर्षें वाट पाहण्यांत आली, तेथें सप्टेंबर २०२५ मध्यें ब्रेंट प्राय यांस चौथ्या हंगामाचे पहिले तीन सामने हरतांच काढण्यांत आलें. त्यांच्या जागीं नोव्हेंबरांत आले ते हेच फ्रँक्लिन. एका घरचा टाकलेला मनुष्य दुसऱ्या घरीं आशास्थान झाला. मनुष्य तोच, विद्या तीच. पांच आठवड्यांत त्यांत काय फरक पडला असेल?

फरक पडला तो पाहणाऱ्यांच्या दृष्टींत. नव्या मनुष्याचे दोष आपणांस ठाऊक नसतात आणि जुन्याचे गुण आपण विसरलेलों असतों. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाहीं. म्हणून आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, वेळ द्यावयाचा तर कशासाठीं, किती आणि कोणत्या खुणेवरून मोजून, हें आधीं सांगून द्यावा. आणि दिल्यावर तो पुरा द्यावा. न द्यावयाचा तर तेंही हंगाम संपल्यावर, मुलांना आपला मार्ग निवडण्यास अवकाश ठेवून, एका स्पष्ट शब्दांत सांगावें. हा नियम शनिवारच्या खेळासाठीं जितका लागू आहे, तितकाच आपल्या शाळेंतल्या नव्या शिक्षकास, दुकानांतल्या नव्या कारकुनास आणि घरांत आलेल्या नव्या सुनेसही लागू आहे. यांतील कोणालाही भरपाईचे कोटि मिळत नाहींत. त्यामुळें त्यांच्या बाबतींत केलेली घाई आपणांस किती महाग पडली, हें कोणत्याही वर्तमानपत्रांत छापून येत नाहीं.